पपायरस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पपायरस म्हटले की इजिप्तचा प्राचीन कागद आठवतो. मुळात ती आफ्रिकेच्या दलदलींत आजही फोफावणारी, चार-पाच मीटर उंच होणारी पाणवनस्पती आहे. शास्त्रीय नाव सायपेरस पपायरस.

तिला सर्रास गवत म्हणतात, ते चूक. शेतातला नागरमोथा ज्या मुस्तक कुलातला, त्याच कुलातली ही. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ असतो. पपायरसचा त्रिधारी, बिनपेरांचा आणि भरीव. तो आडवा कापला की हिरव्या सालीच्या आत स्पंजासारखा पांढरा गर दिसतो. गरातल्या पोकळ्यांतून पाण्याखालच्या मुळांना हवा पोहोचते. पात्याची पाने जवळजवळ नसतातच. अन्न तयार होते ते दांड्यात आणि शेंड्यावरच्या बारीक काड्यांच्या झुबक्यात. भारतातल्या बागांत ‘अम्ब्रेला पाम’ म्हणून मिळणारे झाड याच प्रजातीतले, पण वेगळ्या जातीचे. त्याच्या शेंड्यावर चपट्या, पानांसारख्या पट्ट्या असतात.

पपायरसचा कागद लगद्यापासून होत नसे. गराच्या पातळ पट्ट्या उभ्या-आडव्या थरांत रचून, दाबून वाळवत. इजिप्तमधील वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेले खुफू राजाच्या काळातले पपायरसवरचे लेख सुमारे साडेचार हजार वर्षांचे आहेत. तरीही नाईलकाठी पपायरस अखंड टिकून राहिली, असे झाले नाही. इजिप्तमधून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. १९६० च्या दशकात हसन रगाब यांनी सुदानमधून रोपे आणून तिची पुन्हा लागवड केली. तिची विस्तीर्ण बने आज दक्षिण सुदानची सद दलदल, व्हिक्टोरिया सरोवराचा काठ आणि बोट्स्वानातील ओकावांगो येथे आहेत. तिथे ती नेहमी चिखलातच रुजलेली असते असेही नाही. आडवी खोडे एकमेकांत गुंतून जाड तरंगता थर बनतो, पाण्याबरोबर वरखाली होतो आणि वाऱ्याने त्याचे तुकडे सुटून बेटांसारखे वाहत जातात.

सर्वांत घातक समज म्हणजे ही दलदल पडीक जमीन आहे, हा. पपायरस गाळ अडवते आणि पाण्यातले नत्र व स्फुरद शोषून घेते. कंपालाचे सांडपाणी व्हिक्टोरिया सरोवरात पोहोचण्याआधी नाकिवुबो दलदलीतून जाते, ते याच कामासाठी मोलाचे. पपायरस गोनोलेक हा पक्षी तर जवळजवळ पूर्णपणे याच बनांवर अवलंबून आहे. शेतीसाठी दलदल आटवली की त्याचे घर जाते, आणि पाण्याखाली साठलेला अर्धवट कुजलेला थर हवेशी संपर्क येऊन कुजू लागतो व त्यातला कार्बन वातावरणात मिसळतो.