पाणबुडीच्या पोटात

आमच्या महिला मंडळाची सहल ठरते तेव्हा आधी भांडण होतं आणि मग तिकिटं निघतात. 2023 च्या जानेवारीतही तसंच झालं. अर्ध्या जणींना देवदर्शन हवं होतं, अर्ध्या जणींना समुद्र. शेवटी विशाखापट्टणमला दोन्ही आहे, सिंहाचलमचा नृसिंहही आणि बंगालचा उपसागरही, यावर एकमत झालं. पाणबुडी बघायचं मात्र माझ्या डोक्यातही नव्हतं. ते यादीत घातलं आमच्या शेजारच्या वहिनींनी. "बाकी काही राहिलं तरी चालेल, तेवढं बघूया," म्हणाल्या.

वहिनींचे यजमान नौदलात होते. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी म्हणतात, पण ते बहुतेक पायदळातले. आरमारात, त्यातही पाणबुडीवर गेलेला माणूस आमच्या गावात हा एकच. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

खरं सांगते मैत्रिणींनो, माझं मन त्यात नव्हतं. बचत गटांच्या कामासाठी वाड्या-वस्त्यांवर हिंडणारी मी. एप्रिल लागला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाया मला दिसतात. ही पाणबुडी समुद्रातून ओढून वाळूवर आणायला साडेपाच कोटी रुपये लागले, हे मी निघण्याआधी वाचलं होतं. तेवढ्यात किती विहिरी झाल्या असत्या, याचा हिशेब मी गाडीतच मांडला. वहिनींना काही बोलले नाही इतकंच.

रामकृष्ण बीचवर ती उभी आहे, 'कुरसुरा' नाव तिचं. लांबी 91 मीटर, म्हणजे आमची अख्खी गल्ली तिच्यापुढे लहान. रशियन बनावटीची, 1969 च्या डिसेंबरात आपल्या नौदलात आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती. 31 वर्षं सेवा करून 2001 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली आणि 2002 च्या ऑगस्टमध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. वाळूवर काँक्रीटचा पाया घालून तिला बसवलंय.

आत शिरलो आणि आमच्या बायकांची बडबड थांबली. एका टोकाने आत जायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. मधे सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक. हो, दार नव्हेच ते. आधी पाय, मग डोकं, मग साडीचा घोळ असं करत आम्ही सरकत होतो. डोक्यावर नळ्या, बाजूला नळ्या, चाकं, काटे, तबकड्या. या एवढ्याशा जागेत सत्तर-पंच्याहत्तर माणसं आठवडेच्या आठवडे राहायची.

माहिती सांगणारे गृहस्थ नौदलातूनच निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं ते मला घरच्या भाषेत असं समजलं. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, त्याला हवा लागते. म्हणून खाली असताना सगळं बॅटरीवर. बॅटरी उतरली की वर यायचं, निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढायची, इंजिन लावायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. आपल्याकडे भारनियमनात इन्व्हर्टरचं चालतं, तसंच की. फरक इतकाच, की वर आलं तर शत्रूला दिसायची भीती आणि खाली राहिलं तर गुदमरायची. गोडं पाणी मोजून, त्यामुळे आंघोळ नाही. कपडे न धुता टाकून द्यायचे. स्वयंपाकघर बघून तर आमच्या एका मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अगं, माझ्या देवघराएवढं आहे हे!" त्यात पाऊणशे माणसांचा स्वयंपाक, आणि खिडकी नाही.

मागच्या टोकाला टॉर्पेडोचा कप्पा. हे पाणतीर सोडायला पुढे सहा नळ्या आणि मागे चार. त्या नळ्यांच्या शेजारी झोपायच्या फळ्या, एकावर एक. वहिनी तिथे थांबल्या. गृहस्थांना त्यांनी हिंदीत विचारलं, "इथं कूस बदलता येते का हो?" ते हसून म्हणाले, "ताई, आधी खाली उतरायचं, मग कूस बदलून परत चढायचं." बाकीच्या हसल्या. वहिनींनी मात्र फळी आणि वरच्या नळ्या यांच्यामधलं अंतर वितीने मोजलं. दोन विती भरल्या.

बाहेर वाळूवर बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. लग्नानंतर भाऊजी पहिल्या सुट्टीवर आले ते अंगणात बाज टाकून झोपले. मार्गशीर्षातली थंडी, तरी अंगणातच. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंना वाटलं सूनबाई पसंत नाही. भावकीत कुजबुज झाली, वहिनींच्या माहेरी निरोप गेला. कुणी विचारलं की भाऊजी एवढंच म्हणायचे, "आत जीव घाबरतो." गडी माणूस, आरमारातला, आणि म्हणे खोलीत जीव घाबरतो! कुणाला पटणार? पुढे संसार झाला, दोन मुलं झाली, पण नव्या नवरीच्या मनाला लागलेलं ते लागलंच. "त्याच जातीच्या बोटीवर होते हे," वहिनी म्हणाल्या. "मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. आज कळलं बघा, बाज अंगणात का निघायची."

माझा विहिरींचा हिशेब त्यानंतर मी पुन्हा मांडला नाही. चुकीचा होता असं नाही म्हणत मी. पण पुस्तकात 'जागा अपुरी असते' एवढंच वाक्य येतं आणि वहिनींच्या विती पुस्तकात मावत नाहीत.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. जुनी पाणबुडी किनाऱ्यावर आणून उभी केली, फीत कापली, की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पाण्यातली बोट ठरल्या वेळी गोदीत जाते, खरवडून रंगवून निघते. वाळूवरची कुठे जाणार? खारा वारा रात्रंदिवस लोखंड खातो. इंग्लंडमध्ये गॉसपोर्टला 'अलायन्स' नावाची पाणबुडी आहे. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतली, पण 1947 मध्ये पुरी झाली. 1981 मध्ये संग्रहालय म्हणून तिला पाण्याच्या वर टेकूंवर ठेवली. खालून समुद्राचा दमटपणा आणि वरून कबुतरं! त्या विष्ठेनेही पोलाद कुजलं. शेवटी सुमारे 70 लाख पौंड खर्चून, तिच्या खाली भराव घालून, 2014 मध्ये ती नीटनेटकी करून पुन्हा उघडली. आपल्या गॅलरीत कबुतरांनी मांडलेला उच्छाद आठवा, म्हणजे कल्पना येईल.

सगळ्यांचं असं निभावत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात 1945 ची 'क्लॅमागोर' चाळीस वर्षं लोकांनी पाहिली. दुरुस्तीचा खर्च झेपेना, 2022 मध्ये तिचे तुकडे झाले. 'कुरसुरा'ची रशियन जातभगिनी 'बी-39' सॅन दिएगोला होती, तीही त्याच वर्षी भंगारात गेली. श्रीमंत देशांची ही गत.

आणि आपली 'विक्रांत'? पाणबुडी नव्हती ती, विमानवाहू जहाज. पण 1971 ची तीही मानकरी. 1997 मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून होती. वहिनींनी मुलांना नेऊन दाखवली होती. 2014 मध्ये दारूखान्यात तिला तोडलं, तिच्या पोलादाच्या पुढे मोटारसायकली निघाल्या. 'विराट' 2020 मध्ये मुंबईहून गुजरातेत अलंगला ओढत नेली, ती तोडायलाच. दोन्ही वेळा हळहळणारे पुष्कळ होते. त्यात मीही होते, घरबसल्या. पण दरवर्षीचा रंग, पत्रे, पंप, माणसांचे पगार कोण देणार, याला उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर चार आणून गंजवण्यापेक्षा एक आणावी आणि ती धडपणे सांभाळावी.

या सगळ्यात मला चटका लावून गेली ती वेगळीच एक गोष्ट. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. ती बुडवणारी पाकिस्तानची 'हंगोर' पाणबुडी आज कराचीच्या नौदल संग्रहालयात ठेवलेली आहे. आणि त्यांची 'गाझी' त्याच महिन्यात, 3 आणि 4 डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री, विशाखापट्टणमच्या समोर बुडाली. तिच्यावरचा एकही जण वाचला नाही. 'कुरसुरा' बघून आम्ही भेळ खात ज्या समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, त्याच्याच तळाशी ती पडून आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर भेळ गोड लागली नसती. त्या नव्वदहून अधिक माणसांच्या झोपायच्या फळ्याही दोन वितींच्याच असणार.

वहिनींना हे मी सांगितलं तेव्हा त्या पापड लाटत होत्या. लाटणं थांबलं. "त्यांच्याही बायका असतील की गं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

येत्या सुट्टीत धाकट्या नातवाला घेऊन त्या पुन्हा विशाखापट्टणमला जाणार आहेत. तो आता दहावीत आहे, उंची आजोबांवर गेलीय. त्याला त्या फळीपाशी उभं करायचंय म्हणतात. परवा दारात मला अडवून विचारत होत्या, "तिकडे चक्रीवादळं फार होतात म्हणे. नीट असेल ना गं ती? रंग-बिंग देतात ना वेळेवर?" जणू काही मीच तिथली अधिकारी.