चारशे एकोणतीस कोटींची फजिती

आधी ही संख्या नीट बघून घ्या: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्स्ट इयरला हिच्यापायी मी रूममेटशी मिसळीची पैज लावली आणि हरलो.

फर्मा नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. पेशा कायद्याचा, गणित फावल्या वेळात! १६४० मध्ये त्याने अंदाज बांधला, की २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जा, त्यात १ मिळवा, दर वेळी मूळ संख्याच मिळेल. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. सहावी ती आपली.

मी टर्बो सी उघडलं. २ पासून वर्गमूळापर्यंत भागत जायचं, बाकी कुठेच शून्य आली नाही तर 'प्राइम' छापायचं. रन केलं आणि क्षणात 'प्राइम'! एवढ्या झटकन उत्तर आलं तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी विंगभर सांगत सुटलो.

रूममेटने कागद-पेन घेतलं. त्याला ऑयलरचा नियम ठाऊक होता: या संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर तो ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. त्यामुळे हजारो भागाकार वाचतात. १९३, २५७, ४४९, ५७७ यांनी भाग जाईना. पाचवा ६४१, आणि बाकी शून्य! ६४१ गुणिले ६७,००,४१७. ऑयलरने हाच विभाजक १७३२ मध्ये शोधला होता.

भागाकार न करताही हे दिसतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची किंमत उणे १. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची किंमत १. आता ५^४ म्हणजे ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी, म्हणून त्याच्या जागी उणे २^४ चालतं. झालं! उणे २^३२ ची किंमत १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. व्हायव्हाच्या आदल्या रात्री करून बघा, झोप उडते.

मग माझा प्रोग्रॅम का फसला? अनसाइन्ड लाँगमध्ये ३२ बिट. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. आपली संख्या तिच्याहून फक्त दोनाने मोठी, त्यामुळे मीटर शून्यावरून फिरून १ वर आला. १ चं वर्गमूळ १, लूप २ पासून. म्हणजे लूप एकदाही फिरला नाही! एररही नाही, वॉर्निंगही नाही.

त्या पाचांपुढे फर्माची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. त्यातली २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही तर ३,१५,६५३ अंकी. ती मूळ नाही हे १९८० च्या दशकातच सिद्ध झालं, पण तिचा एकही विभाजक अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. रूममेट म्हणतो, पुढची पैज हिच्यावर लावू. मी मागची मिसळ नुकतीच फेडली आहे.