श्रावणात सुटलेल्या तीन पांढऱ्या

गटारी झाली, श्रावण लागला, की चिकनच्या दुकानात उरलेल्या पिंजऱ्याकडे कुणी बघत नाही. चाकणच्या एका दुकानात त्या तिघी अशाच उरल्या होत्या. पांढऱ्या, मानेवर पिसं नसलेल्या. "मॅडम, ही गावरान नाही, लेअर आहे," दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "शिजायला अख्खा सिलिंडर जाईल." शिजवायच्या नाहीत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, आणि कांद्याच्या क्रेटमध्ये तिघींना भरून वर पोतं बांधून दिलं.

ताईचं घर तळेगाव रस्त्याच्या आत, कंपन्यांच्या पत्र्याच्या शेडा संपतात तिथल्या वस्तीवर. अंगणात क्रेट उघडला. आता तिघी धूम ठोकणार म्हणून भाचा फाटकाशी आडवा उभा राहिलेला. एकही बाहेर आली नाही. क्रेट आडवा केला, तरी एकमेकींना चिकटून कोपऱ्यात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक निघाली. चिखलात चप्पल अडकू नये म्हणून माणूस टाकतो तसं एकेक पाऊल उंच उचलून टाकत होती. नखं वाढून वळलेली, चोचीचं टोक कापलेलं, तुरा फिकट आणि एका डोळ्यावर लोळणारा. पाण्याची वाटी समोर ठेवली तर त्यात पाहायची आणि पुढे जायची. शेडमध्ये पाणी निपलमधून मिळतं. मान वर करून टोचलं की थेंब पडतो. पाणी खाली, वाटीत असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ताईने तिची चोच तीनदा वाटीत बुडवली, तेव्हा कुठे उमगलं.

लेअर म्हणजे अंड्यावरची कोंबडी. अठरा-वीस आठवड्यांची तलंग अंड्यावर येते. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला कॉम्प्युटरच्या ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, उकरता येत नाही, म्हणून नखं झिजत नाहीत. दिवे लावून दिवस सोळा तासांचा केलेला असतो. बहात्तर ते ऐंशी आठवड्यांच्या आसपास अंडी कमी होतात, कवचं पातळ होतात, आणि मालक 'बॅच काढतो'. कोंबडी म्हातारी झालेली नसते. गावरान कोंबडी पाच-सात वर्षं जगते. पण लेअर रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. शेडचा हिशेब तिथे संपतो. मग ती स्वस्त, चिवट कोंबडी म्हणून विकली जाते.

या पांढऱ्या कोंबडीचं माहेर म्हणावं तर आपला पुणे जिल्हाच. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि देशभरच्या अंड्याच्या शेडांत सर्वाधिक दिसणारी बीव्ही-३०० ही कोंबडी त्यांचीच. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने ठरवावा म्हणून राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये एनईसीसी ही अंडी-उत्पादकांची संघटना उभी राहिली. रविवार असो की सोमवार, अंडं खा म्हणणारी दूरदर्शनवरची जाहिरात तिचीच. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही मोठीच कामगिरी होती. रात्रपाळी सुटल्यावर चाकण एमआयडीसीतला पोरगा गाडीवर भुर्जीपाव खाऊन पोट भरतो, त्यामागेही हीच कोंबडी आहे. मीही अंडी खाते, हे आधीच सांगून टाकते.

चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात भीमाशंकरचं जंगल आहे आणि तिथे राखी रानकोंबडा राहतो. त्याची मादी एका विणीत चार ते सात अंडी घालते आणि उबवायला बसते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण तिच्या पायांचा पिवळा रंग या राख्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. आमच्या तिघींचे पाय असेच हळदुले. भीमाशंकरचं एवढं देणं अंगावर वागवणारी ही कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालते, आणि खुडूक बसणं जवळपास विसरलेली आहे. खुडूक बसली की अंडी थांबतात, म्हणून पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्याच कोंबड्या निवडल्या गेल्या. "पांढरी बसायची कधी गं?" ताईच्या सासूबाई विचारत राहिल्या.

अशा कोंबडीला पिंजऱ्यातून काढता येतं. तिच्या शरीरात मुरलेलं काढता येत नाही. अंड्याच्या एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून २० ग्रॅमच्या आसपास. कवच बरंचसं रात्री घडतं, तेव्हा पोटात खाद्य नसतं. शरीर कॅल्शियम हाडांतून काढून घेतं आणि दिवसा भरून काढायला बघतं. रोजच्या रोज हे चालल्यावर हाडं ठिसूळ होतात. म्हणून अशी कोंबडी पंखाला किंवा पायाला धरून उचलायची नाही, दोन्ही हातांनी छातीखालून उचलायची. बसायची काठी पहिले काही आठवडे वीतभर उंचीवर, कारण उडी चुकली तर छातीचं हाड मोडतं. शिळी भाकरी, भात प्रेमाने घालू नये. लेअरचंच खाद्य चालू ठेवायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत; हवा तेवढा ती स्वतः खाते. गावरान कोंबड्यांपासून दोन-तीन आठवडे लांब ठेवायचं. मानमोडी एकदा वस्तीवर आली की कुणाचं खुराडं मोकळं राहत नाही, आणि पक्ष्यांचा आजार किती महागात पडतो हे नंदुरबारच्या नवापूरने २००६ च्या बर्ड फ्लूत पाहिलं आहे.

इंग्लंडमध्ये हे काम पद्धतशीर चालतं. डेव्हनच्या जेन हॉवर्थ यांनी २००५ मध्ये अशा कोंबड्यांसाठी संस्था काढली. पोल्ट्रीवाल्यांशी भांडण न करता, बॅच काढायच्या दिवशी त्या कोंबड्या घ्यायच्या आणि नाव नोंदवलेल्या कुटुंबांना द्यायच्या. लाखो कोंबड्या अशा घरांत गेल्या. तिथे लोकांनी पिसं गेलेल्या कोंबड्यांसाठी लोकरीचे स्वेटरही विणले. आपल्याकडे काळजी उलटी, एप्रिलच्या उन्हात ओलं पोतं कुठे टांगायचं याची. मला इंग्लंडच्या त्या कामातलं भांडण न करणं पटतं. मी केलं तसं दुकानातून विकत घेऊन सोडवणं हे खरं तर गिऱ्हाईकच होणं आहे.

पिंजऱ्यांबाबत कायदा आपल्याकडेही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं गुन्हा मानतं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ वा अहवाल खास कोंबड्यांवर दिला. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासून बंद केले.

तिघींतली एक भाद्रपदातच गेली. दोन दिवस शेपटी खाली टाकून उभी होती, पोट फुगलेलं. अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात उतरला की असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. या जातीत हे नेहमीचं. उरलेल्या दोघी उकिरड्यावर धुळीत लोळायला शिकल्या, गावरान कोंबड्यांकडे बघून की आपल्या आपण, कुणास ठाऊक. लोळताना डोळे मिटून एक पंख वर धरतात, ते पाहायला भाचा शाळेचा डबा हातात घेऊनच थांबतो.

मार्गशीर्षात दिवस लहान झाले. दिवा लावणारं कुणी नाही, म्हणून दोघींनी पिसं टाकली आणि अंडी बंद केली. हाडांना एवढीच काय ती सुट्टी. खाद्याचं पोतं मात्र संपतंच. सासूबाईंनी हिशेब मांडला, थोडा वेळ बडबडल्या, मग गुरुवार सोडून बाकीच्या दिवसांसाठी भाच्याला दुकानात पाठवलं. तो तीस अंड्यांचा ट्रे दोन्ही हातांवर धरून आला, तेव्हा दोघी फाटकाशीच उकरत होत्या.