अकालजात अर्भकांच्या मेंदूतील रक्तस्राव

अकालजात अर्भकांच्या मेंदूतील रक्तस्राव हा प्रामुख्याने ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांत आढळणारा विकार आहे. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात आणि अनेकदा बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही.

मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांना निलय म्हणतात. निलयांच्या कडेला जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा स्तर असतो. मेंदूच्या पेशी येथे तयार होऊन पुढे आपापल्या जागी सरकतात. साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत हा स्तर विरून जातो. तोवर त्यातील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. रक्तदाबातील चढउतार, श्वसनाचा त्रास किंवा हादरे यांमुळे त्या फुटू शकतात.

निदान टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीने होते. पापिले व सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलेल्या वर्गीकरणात चार श्रेणी आहेत. पहिलीत रक्त त्या स्तरापुरते राहते, दुसरीत निलयात उतरते, तिसरीत निलय फुगतात, तर चौथीत लगतच्या मेंदूऊतीला इजा होते. चौथी श्रेणी म्हणजे तिसरीचाच पुढचा टप्पा, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात ती बहुधा नीलांचा प्रवाह अडल्याने होणारी स्वतंत्र इजा असते. गंभीर श्रेणींत जलशीर्ष व सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो.

प्रतिबंध

झालेला रक्तस्राव थांबवणारे औषध नाही, म्हणून प्रसूतीपूर्वीचे तास निर्णायक ठरतात. मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या मातेला स्टेरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि रक्तस्रावाचे प्रमाणही घटते. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२ तासांच्या अंतराने द्यायची असतात. पुढे पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस एएनएम परिचारिकाही देऊ शकते. मावळसारख्या डोंगराळ तालुक्यात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. लोणावळा पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटर दूर आहे आणि पवना खोऱ्यातील वाड्यावस्त्यांना आधी मुख्य रस्ता गाठावा लागतो. जन्मलेल्या बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा ते पोटात असतानाच मातेला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नेणे अधिक सुरक्षित असते. नाळ थोड्या विलंबाने कापणे, बाळाचे डोके सरळ ठेवणे व हाताळणी कमीत कमी करणे हेही उपयुक्त आहे.

पुढील विकास

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा १८ वर्षे पाठपुरावा केला. हा अभ्यास केवळ रक्तस्रावाचा नव्हे, तर कमी जन्मवजनाचा होता. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५, तर तुलनागटाचा ९७.२ होता, अकालजात आणि गर्भवयाच्या मानाने लहान अशा मुलांचा सर्वांत कमी होता. वाचन व गणितातील अडचणी शाळेत गेल्यावरच उघड होतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांचा पाठपुरावा अपुरा पडतो.

पहिल्या दोन वर्षांत विकासाचे टप्पे दुरुस्त वयानुसार मोजतात: २८ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याच्याकडून अपेक्षा सुमारे तीन महिन्यांच्या बाळाचीच ठेवावी लागते.