मत आपले, निवड मात्र त्यांची!

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वाशीम जिल्ह्यातल्या गावात पहिला प्रश्न रस्त्याचा, पाण्याचा किंवा सोयाबीनच्या भावाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘सीट कोणाला सुटली?’ आणि दुसरा, ‘त्यांची घरे किती?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवडणूक पारावरच संपते. उरलेली निम्मी मतदानाच्या आदल्या रात्री होते. यालाच आपण लोकशाही म्हणायचे काय?

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 12 लाख. पाचातले चार लोक खेड्यात राहणारे आणि जवळपास पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा. मराठा-कुणबी, बंजारा, माळी, धनगर, आदिवासी, मुस्लीम आणि बौद्ध अशी ही वस्ती. यातला कोणताही समाज जिल्हाभर एकटा बहुमतात नाही. म्हणजे खरे तर सगळ्यांनी सगळ्यांशी बोलल्याशिवाय येथे सत्ता मिळू नये. पण गाव हा जिल्हा नसतो. गावात एखादी जात मोठी असते आणि बाकीच्या तिच्या सावलीत असतात.

बाबासाहेबांनी 1955 मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना नेमके हेच दुखणे दाखवले होते. एक मोठी जात आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या लहान लहान जाती, अशी आपल्या गावांची रचना असल्याने जातीचे बहुमत हेच राजकीय बहुमत म्हणून मिरवते, हा त्यांचा इशारा होता. म्हणून त्यांनी महाराष्ट्राचे एकच मोठे राज्य न करता लहान राज्ये सुचवली. त्यातल्या पूर्व महाराष्ट्रात तेव्हाचा अकोला जिल्हा, म्हणजे आजचे वाशीमही येत होते. एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडावेत आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता यावीत, हा उपायही त्यांनी मांडला. तो उपाय कोणी ऐकला नाही.

मग आपल्या हाती उरल्या राखीव जागा. राखीव जागेवर उमेदवार आपला असतो, पण त्याला निवडणारे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे असतात. पुणे कराराने 1932 मध्ये दिलेला हा वारसा आहे. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा आला, 2020 मध्ये तो रद्द झाला आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाला. सरपंचपद अनुसूचित जातीला सुटले की धनदांडगे आपल्या वस्तीत येतात आणि माणूस हेरतात. शिकलेला, बोलणारा, ग्रामसभेत हिशेब मागणारा तरुण त्यांना नको असतो. त्यांना सही करणारा हवा असतो. महिला राखीव असेल तर सहीचीही गरज नसते, शिक्का आणि चेकबुक भलत्याच घरात ठेवले जाते. खुर्चीवर आपला माणूस आणि कारभार पाटलाच्या ओसरीवर!

याहून धूर्त खेळ धर्माच्या नावाने होतो. राखीव जागेवर ‘आपला हिंदू दलित’ आणि ‘तो बौद्ध’ अशी फाळणी केली जाते. 1956 ची धम्मक्रांती ज्यांच्या डोळ्यात अजून सलते, ते मतपेटीतून तिचा सूड घेतात. वाशीम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. 2009, 2014, 2019 आणि 2024 या चारही निवडणुकांत तो भाजपने जिंकला. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे मते नाहीत असे नाही, मते विखुरलेली आहेत.

बंजारा बांधवांची पोहरादेवी याच जिल्ह्यात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पंतप्रधान तेथे येऊन गेले. श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. पण तांड्यावरची माणसे पोट भरायला गाव का सोडतात, हा प्रश्न विचारल्याशिवाय मत देऊ नका, एवढे तर सांगितलेच पाहिजे.

ओबीसी बांधवांनीही एक तारीख लक्षात ठेवावी. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी प्रकरणात, एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर नेणाऱ्या ओबीसी जागा रद्द केल्या. त्या निकालाचा फटका वाशीम जिल्हा परिषदेलाही बसला. निवडून आलेल्या सदस्यांच्या 14 जागा रिकाम्या झाल्या आणि 5 ऑक्टोबर 2021 रोजी तेथे पोटनिवडणूक घ्यावी लागली. न्यायालयाने मागितली होती ती मागासलेपणाची आकडेवारी, आणि सरकारकडे ती नव्हती. जातीवर मते मागणाऱ्यांनी जातीची मोजणी मात्र वर्षानुवर्षे टाळली होती. निळ्या झेंड्याकडे बोट दाखवून ज्यांना घाबरवले गेले, त्यांचे आरक्षण निळ्या झेंड्याने घालवले नाही, हे आता तरी त्यांना उमगावे.

पण दोष फक्त त्यांचाच काय? आपल्याच वस्तीत एका जागेसाठी चार अर्ज भरले जातात. प्रत्येक गटाचा वेगळा नेता, वेगळा फलक. आदल्या रात्री कोंबडी-दारू आणि नोटा आपल्याही दारात येतात. 14 एप्रिलला एकत्र निघणारी मिरवणूक मतदानाच्या दिवशी का फुटते? बाबासाहेबांनाही 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव पत्करावा लागला, पण त्यांनी मत विकायला शिकवले नाही.

शेजारच्या अकोल्यात ॲड. बाळासाहेब आंबेडकर 1998 आणि 1999 मध्ये लोकसभेवर गेले. माळी, धनगर, मुस्लीम आणि लहान लहान जातींना बौद्धांच्या जोडीने उमेदवारी आणि सत्तेत वाटा देण्याची रीत तेथे घडली. ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात तो हाच. वाशीमच्या मातीत तो रुजणार नाही असे थोडेच आहे? त्यासाठी निवडणूक लागण्याची वाट पाहू नका. ग्रामसभेत एकत्र बसा, गायरानाच्या आणि रोजगार हमीच्या प्रश्नावर माळ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या खांद्याला खांदा लावा. राखीव जागेचा उमेदवार पाटलाच्या ओसरीवर नव्हे, बुद्धविहारात आणि सर्व बहुजनांच्या बैठकीत ठरवा.

एक माणूस, एक मत हे संविधानाने दिले. एक मत, एक मोल हे आपल्याला मिळवायचे आहे. जे मत आदल्या रात्री विकले जाते, त्याला दुसऱ्या दिवशी मोल कोण देणार?