छेत्रीचे पाच गोल मोजायचे कसे?

४ जुलै २०२३च्या रात्री बंगळूरुच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये भारताने कुवेतला पेनल्टी शूटआऊटमध्ये ५-४ असं हरवलं आणि सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) करंडक नवव्यांदा जिंकला. सर्वाधिक गोल आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, हे दोन्ही मान भारताच्या सुनील छेत्रीला मिळाले. सर्वोत्तम गोलरक्षक ठरला बांगलादेशचा अनिसुर रहमान झिको, ज्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचलाही नव्हता.

झिकोची निवड कागदावर विचित्र दिसते. भारताने पाच सामन्यांत, दोनदा जादा वेळ धरून ५१० मिनिटांत, दोनच गोल खाल्ले आणि त्यातला एक स्वयंगोल होता. बांगलादेशने चार सामन्यांत ३९० मिनिटांत पाच गोल खाल्ले. नव्वद मिनिटांचा हिशेब लावला तर भारताच्या जाळ्यात ०.३५ गोल आणि बांगलादेशच्या जाळ्यात १.१५. मग पारितोषिक चुकलं का?

माझ्या मते निवडीत वावगं काही नाही, अपुरा पडतो तो हा हिशेब. किती गोल खाल्ले, हा आकडा गोलरक्षकाइतकाच त्याच्यासमोरच्या बचावफळीचा आणि प्रतिस्पर्ध्याचाही असतो. गोलरक्षकाला मोजायचं तर त्याच्याकडे आलेला प्रत्येक फटका वेगळा तपासावा लागतो. तो किती अंतरावरून आला, किती वेगाने, जाळ्याच्या कोणत्या कोपऱ्याकडे? अशा हजारो जुन्या फटक्यांपैकी किती आत गेले, हे पाहून त्या फटक्याला शून्य ते एक या दरम्यान किंमत देता येते. समजा, एका गोलरक्षकाकडे एकूण १ गोलाच्या किमतीचे फटके आले आणि त्याने १ गोल खाल्ला. दुसऱ्याकडे ७ गोलांच्या किमतीचे आले आणि त्याने ५ खाल्ले. दुसऱ्याने आपल्या संघाचे दोन गोल वाचवले, पहिल्याने एकही नाही. बांगलादेश १४ वर्षांनी सॅफच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि तिथे कुवेतला त्याने जादा वेळेपर्यंत शून्यावर रोखून धरलं. असा सामना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला झिकोचं काम दिसतं, निकालाच्या रकान्यात मात्र त्याच्या नावापुढे फक्त पराभव उरतो.

फटक्याला किंमत देण्याच्या या कल्पनेला फुटबॉलच्या जगात ‘एक्सजी’, म्हणजे अपेक्षित गोल, म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांत ती दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत आली. मुळं मात्र जुनी आहेत. ब्रिटिश हवाई दलातला हिशेबनीस चार्ल्स रीप १९५०च्या मार्चमध्ये स्विंडन टाऊनचा सामना पाहायला गेला आणि तिथे बसल्या बसल्या प्रत्येक चाल कागदावर टिपू लागला. पुढे कित्येक वर्षं त्याने हे चालू ठेवलं. बरेचसे गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, असं त्याला दिसलं आणि त्यावरून त्याने लांब चेंडू मारण्याचा सल्ला दिला. मोजणी प्रामाणिक होती, अनुमान फसवं. सामन्यातल्या बहुसंख्य चाली मुळातच तीन पासच्या आत संपतात, मग गोलही तिथेच जास्त पडणार! एकूण चाली किती होत्या, या छेदाकडे रीपचं पुरेसं लक्ष गेलं नाही. खेळाडूंना गुण देणाऱ्या आजच्या पद्धतीही बहुतेक वेळा याच छेदाशी अडखळतात.

आता छेत्रीकडे येऊ. त्याच्या पाच गोलांपैकी तीन पाकिस्तानविरुद्ध, एक नेपाळविरुद्ध आणि एक साखळीतल्या कुवेतविरुद्धच्या सामन्यात. पाकिस्तानविरुद्धचे दोन गोल पेनल्टीवर झाले. शंभरातल्या ७५ ते ८० पेनल्टी आत जातात, त्यामुळे त्या दोन गोलांतला साधारण दीड गोल कोणत्याही चांगल्या नेमबाजाच्या नावावर लागलाच असता. शिवाय व्हिसाच्या घोळामुळे पाकिस्तानचा संघ सामन्याच्याच दिवशी बंगळूरुला पोहोचला होता. फिफाच्या क्रमवारीत तो १९५वा होता, भारत १०१वा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. प्रवासाने थकलेला पाकिस्तान आणि दोनदा भारताला बरोबरीत रोखणारा कुवेत ही एका भांड्यातली शितं नव्हेत. म्हणून गुण देताना प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा भार लावावाच लागतो.

याहून मोठा प्रश्न योगायोगाचा आहे. या स्पर्धेपूर्वी छेत्रीच्या नावावर १३७ सामन्यांत ८७ आंतरराष्ट्रीय गोल होते, म्हणजे सामन्याला ०.६४. त्याच गतीने पाच सामन्यांत ३.२ गोल अपेक्षित. ठरावीक सरासरीने, पण अनियमितपणे घडणाऱ्या घटना मोजायला संख्याशास्त्रात प्वासाँचं सूत्र आहे. ते इथे लावलं तर काय दिसतं? नेहमीच्याच दर्जाचा, नेहमीसारखाच खेळणारा छेत्री पाच सामन्यांत पाच किंवा जास्त गोल करील, याची शक्यता सुमारे २१ टक्के. आणि तोच छेत्री, तसाच खेळून, जास्तीत जास्त एक गोल करील याची शक्यता सुमारे १७ टक्के. दोन्ही शक्यतांत फारसं अंतर नाही. एकीत तो स्पर्धेचा नायक होतो आणि दुसरीत वर्तमानपत्रं त्याच्या वयाची चर्चा करतात. त्याच्या खेळात मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो.

हे गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या स्पर्धेतला गोलांचा आकडा खेळाडूविषयी आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी सांगतो. बेसबॉलमध्ये हे फार सुंदरपणे दाखवलं गेलं आहे. १९७७ साली संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधींतली कामगिरी घेतली आणि प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या सरासरीकडे थोडी ओढली. मोसमाच्या उरलेल्या काळातली कामगिरी या ओढलेल्या आकड्यांनी कच्च्या आकड्यांपेक्षा कितीतरी अचूक सांगितली. माहिती जितकी कमी, तितकं जास्त ओढायचं, असा हा नियम. छेत्रीबाबत ते पाच सामने बाजूला ठेवले तरी १३७ सामन्यांचा पुरावा आहे. त्याच्या थोरवीला या पाच गोलांच्या साक्षीची गरज नाही.

भारताचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याच्या शूटआऊटचंही असंच. उपांत्य सामन्यात लेबनॉनच्या चार पेनल्टींपैकी पहिली त्याने अडवली, एक आडव्या खांबावरून गेली. अंतिम सामन्यात कुवेतच्या सहांपैकी पहिली आडव्या खांबावर आदळली आणि सहावी, खालिद हाजियाची, गुरप्रीतने झेप घेऊन परतवली. दहा पेनल्टींत चार वाया. सर्वसाधारण गोलरक्षकासमोर शेकडा २५ वाया जातात असं धरलं, तर दहांत चार किंवा जास्त वाया जाण्याची शक्यता २२ टक्के येते. म्हणजे कोणत्याही गोलरक्षकाच्या वाट्याला पाचांतून एकदा येऊ शकणाऱ्या या दोन रात्री. त्या झेपेने करंडक मिळवून दिला, तिचं मोल कोणी कमी करू नये. पण तेवढ्यावरून ‘गुरप्रीत म्हणजे पेनल्टी अडवणारा’ असं लेबल लावायला दहा पेनल्टी पुरत नाहीत.

मग या स्पर्धेत छेत्रीचा दर्जा दिसला कुठे? माझ्या नजरेत, गोलांच्या रकान्यात न मावणाऱ्या जागी.

पाकिस्तानविरुद्धचा पहिला गोल घ्या. दहाव्या मिनिटाला चेंडू मागे त्यांच्या गोलरक्षकाकडे गेला. अशा वेळी बहुतेक आघाडीपटू वळून आपल्या जागेकडे चालू लागतात. अडतीस वर्षांचा छेत्री गोलरक्षकाच्या अंगावर धावत गेला. गोलरक्षक गडबडला, चेंडू सुटला आणि छेत्रीने तो रिकाम्या जाळ्यात सारला. त्या फटक्याचा एक्सजी एकच्या जवळ, म्हणजे शालेय मुलालाही जमेल असा. गोलाची खरी किंमत आधीच्या धावेत होती आणि फटक्यांचा हिशेब ठेवणारी पद्धत तिला शून्य देते. नेपाळविरुद्ध ७०व्या मिनिटाला याच्या उलट घडलं. छेत्रीने चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचलला, तो आडव्या खांबावर आपटून खाली आला आणि नाओरेम महेशसिंगने डोक्याने आत ढकलला. गोलफलकावर महेशचं नाव. गोल निर्माण कोणी केला, हे प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अंतिम सामन्यातला बरोबरीचा गोल तर पूर्ण धडाच आहे. ३८व्या मिनिटाला छेत्रीने बचावाच्या फटीतून सहल अब्दुल समदकडे चेंडू सरकवला, सहलने तो स्वतः न मारता गोलसमोर आडवा दिला आणि लालियानझुआला छांगटेने आत मारला. गोल छांगटेचा, साहाय्य सहलचं. बचाव उघडणाऱ्या पासला पारंपरिक तक्त्यात रकानाच नाही. हा रकाना तयार करायचं काम गेल्या काही वर्षांत झालं. मैदानाचे लहान लहान चौकोन पाडायचे, कोणत्या चौकोनात चेंडू असताना पुढच्या काही क्षणांत गोल होण्याची शक्यता किती, हे जुन्या सामन्यांवरून काढायचं, आणि चेंडू एका चौकोनातून दुसऱ्यात नेणाऱ्याला दोन्हींतला फरक बक्षीस द्यायचा. सारा रड यांनी २०११ साली या दिशेने मांडणी केली. करुण सिंग यांनी २०१९ साली ती ‘अपेक्षित धोका’ या नावाने सर्वांच्या हाती दिली. या मोजणीत छांगटेच्या सोप्या फटक्यापेक्षा छेत्रीचा आणि सहलचा पास भाव खाऊन जाईल, आणि ते योग्यच आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या खेळाडूंना असे गुण देण्याचा एक गाजलेला प्रयत्न २००८च्या युरो स्पर्धेवर झाला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे लुईस अमराल आणि त्यांचे सहकारी जॉर्डी डुच व जोशुआ वाइत्झमन यांनी प्रत्येक संघाच्या पासचं जाळं मांडलं. शेवटी गोलवर फटका मारण्यापर्यंत गेलेल्या मार्गांत कोणता खेळाडू किती वेळा येतो, त्यावरून गुण दिले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्पेनचा झावी पहिला आला, आणि युएफाच्या जाणकारांनीही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं होतं. झावीने त्या स्पर्धेत गोल एकच केला होता, म्हणून हा निकाल मोलाचा.

पण या जाळ्यातून बचावपटू निसटतो. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू फार तर दोन-तीन मिनिटं असतो. बाकीचा वेळ तो जागा धरतो, वाट अडवतो, समोरच्याला पास देण्याची हिंमतच होऊ देत नाही. न झालेला पास कोण मोजणार? सॅफच्या साखळीतल्या कुवेतविरुद्धच्या सामन्यात जादा मिनिटांत आलेला क्रॉस परतवताना भारताचा बचावपटू अन्वर अली याच्याकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. ढोबळ गुणांकनात त्या एका क्षणासाठी त्याचे गुण धाडकन खाली येतात. तिथे उभा राहून पाय घालणं हेच त्याचं काम होतं. पुढच्याच सामन्यात बचावफळीतला संदेश झिंगन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर असताना अन्वर लेबनॉनसमोर १२० मिनिटं उभा राहिला आणि भारताने गोल खाल्ला नाही. त्या दिवशी प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्डामुळे मैदानाबाहेर बसावं लागलं आणि सूत्रं सांभाळली गोव्याच्या महेश गवळी यांनी, जे स्वतः भारताचे नावाजलेले बचावपटू होते. अन्वरच्या त्या १२० मिनिटांची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळली असेल?

बचावाचं हे अदृश्य काम मोजायचं तर चेंडूबरोबर बावीसही खेळाडूंची जागा क्षणोक्षणी टिपावी लागते. २०२२च्या कतार विश्वचषकात ऑफसाइड ठरवण्यासाठी १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने २०१८ आणि २०२२च्या पुरुष विश्वचषकांतल्या प्रत्येक पासची, फटक्याची नोंद अभ्यासकांना फुकट खुली केली आहे. त्यामुळे कोल्हापुरातली एखादी विद्यार्थिनी आज मेस्सीच्या प्रत्येक पासची किंमत घरबसल्या काढू शकते.

छेत्रीच्या, सहलच्या, झिकोच्या बाबतीत तिला हे करता यायला हवं. बंगळूरुत भारतीय संख्याशास्त्र संस्थेचं केंद्र आहे, भारतीय विज्ञान संस्था आहे, आकडेवारीवर पोट भरणारे हजारो तरुण अभियंते आहेत, आणि कंठीरवावर येऊन घसा बसेपर्यंत ओरडणारे चाहतेही त्यांच्यातच आहेत. सॅफ आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांमधल्या प्रत्येक पासची, फटक्याची, अडवलेल्या चेंडूची नोंद ठेवावी आणि ती सर्वांना खुली करावी. छेत्रीनंतर आघाडीवर कोणाला उभं करायचं, हा प्रश्न भारतीय फुटबॉलसमोर आहे. त्याचं उत्तर पाच सामन्यांतल्या गोलांवरून शोधू नका.