एकच युरोपियम, दोन रंग

ट्यूबलाइटमधील पाऱ्याची वाफ मुख्यत्वे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण देते. त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते ती नळीला आतून लावलेली पांढरी भुकटी, म्हणजेच फॉस्फर. उत्तम प्रतीच्या ट्यूबमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन फॉस्फर मिसळलेले असतात. हिरवा रंग टर्बियमचा. लाल आणि निळा मात्र युरोपियम या एकाच विरल मृदा मूलद्रव्याचे.

लाल फॉस्फरसाठी इट्रियम व युरोपियमची ऑक्साइडे नायट्रिक आम्लात विरघळवतात. द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घातले की दोन्ही धातूंचा एकजीव साका तळाशी बसतो. तो धुऊन, वाळवून हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात भाजतात. निळ्यासाठी बेरियम, मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये युरोपियम मिसळून ते हायड्रोजनयुक्त वायूत भाजतात. त्यामुळे युरोपियमवरील तीन धनप्रभारांपैकी दोनच उरतात आणि रंग पालटतो. लोहाचा किंचित अंश राहिला, तरी तेज मंदावते.

पाऱ्यामुळे अशा दिव्यांचे उत्पादन २०२७ अखेर थांबवण्याचे मिनामाता करारातील राष्ट्रांनी २०२३ मध्ये ठरवले. जुनी ट्यूब कचऱ्यात फुटली, तर पारा हवेत जातो आणि कष्टाने शुद्ध केलेले युरोपियम, टर्बियमही मातीमोल होते. म्हणून ती अखंड ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी.